‘कन्फेस’ : एका क्रियापदाचा अर्थ आणि उपयोग

इंग्रजी-मराठी कोशात ‘कन्फेस’ हे क्रियापद काढून पाहिले, तर त्याच्यापुढे ‘कबूल करणे’ हा अर्थ दिलेला आढळतो. ‘ॲडमिट’ पाहावे तर तेथेही ‘कबूल करणे’. ‘अग्री’, ‘ॲक्सेप्ट’, ‘ॲक्नॉलेज’ या शब्दांपुढेही थोड्याफार फरकाने तोच अर्थ पुन्हा भेटतो. दोष कोशकारांचा नव्हे. आपले ‘कबूल करणे’ हे क्रियापदच मोठे ऐसपैस आहे. मूळ अरबी ‘कबूल’ म्हणजे स्वीकार. तो शब्द मराठीत रुळल्यावर आपण वचनही कबूल करतो, भाडेही कबूल करतो, प्रतिपक्षाचा मुद्दाही कबूल करतो आणि चोरीही कबूल करतो. एकाच घरात चार बिऱ्हाडे नांदावीत, तसा हा प्रकार आहे.

याचा परिणाम वरच्या वर्गांतील भाषांतराच्या वह्यांत दिसून येतो. ‘त्याने लग्नाला येण्याचे कबूल केले’ या साध्या वाक्याचे ‘ही कन्फेस्ड टु कम टु द वेडिंग’ असे इंग्रजी रूपांतर एखादा विद्यार्थी करतो. इंग्रजी जाणणारा मनुष्य ते वाचून बुचकळ्यात पडेल. लग्नास येणे हा काय अपराध आहे, अशी शंका त्याच्या मनात डोकावेल. कारण ‘कन्फेस’मध्ये नुसता स्वीकार नाही. ज्याची लाज वाटावी, जे झाकून ठेवण्याकडे मनाचा कल असावा, असे स्वतःचे काही तरी दुसऱ्यापुढे उघड करून सांगणे, हा त्या शब्दाचा गाभा आहे. विद्यार्थिमित्रहो, हा गाभा नीट ध्यानी यावा म्हणून या शब्दाचे कूळ, त्याचे सोयरे आणि त्याचा वाक्यातील संसार, असे तिन्ही आपण क्रमाने पाहू.

शब्दाचे कूळ

‘कन्फेस’चे मूळ लॅटिन भाषेत आहे. ‘फातेरी’ म्हणजे मान्य करणे, उघड सांगणे. त्यास जोर देणारा ‘कॉम्’ हा उपसर्ग लागून ‘कोन्फितेरी’ झाले, त्याचे भूतकालवाचक रूप ‘कोन्फेस्सुस’, आणि फ्रेंच भाषेच्या वाटेने तो शब्द चौदाव्या शतकात इंग्रजीत आला. ‘फातेरी’चे नाते ‘फारी’, म्हणजे बोलणे, या धातूशी आहे. या घराण्यातील इतर मंडळी आपल्या परिचयाची आहेत. ‘फेबल’ म्हणजे सांगितलेली गोष्ट, ‘फेम’ म्हणजे लोकांच्या बोलण्यात असणे, ‘फेट’ म्हणजे देवतांनी उच्चारलेले, म्हणून अटळ. ‘इन्फन्ट’ म्हणजे ज्याला अजून बोलता येत नाही ते अर्भक. ‘प्रोफेसर’ हाही याच कुळातला. आपले ज्ञान जो चारचौघांपुढे जाहीरपणे सांगतो, तो प्रोफेसर.

यावरून एक गोष्ट निश्चित होते. ‘कन्फेस’ ही बोलण्याची क्रिया आहे. मनातल्या मनात पश्चात्ताप करणे, रात्री अंथरुणावर तळमळणे, याला इंग्रजीत अन्य शब्द आहेत. ‘कन्फेस’ म्हणावयाचे तर शब्द ओठांबाहेर पडला पाहिजे, किंवा कागदावर उतरला पाहिजे, आणि तो ऐकणारा वा वाचणारा दुसरा कोणी असला पाहिजे.

विशेष म्हणजे प्राचीन काळी या शब्दाला अपराधाचा वास नव्हता. संकट सोसूनही जो आपली श्रद्धा उघडपणे सांगतो, त्याला ख्रिस्ती जगात ‘कन्फेसर’ म्हणत. इंग्लंडच्या गादीवर १०४२ ते १०६६ या काळात असलेला राजा एडवर्ड हा ‘एडवर्ड द कन्फेसर’ या नावाने प्रसिद्ध आहे. इतिहासाच्या पुस्तकात हे नाव वाचून या राजाने कोणता गुन्हा कबूल केला असावा, असा प्रश्न विद्यार्थ्यास पडणे स्वाभाविक आहे. त्याने गुन्हा कबूल केला नव्हता; त्याच्या धर्मशीलतेचा तो गौरव आहे. पुढे १५३० साली जर्मनीतील ल्यूथरपंथीयांनी आपल्या श्रद्धेचे जे निवेदन ऑग्सबर्ग येथे सम्राटापुढे ठेवले, त्यालाही ‘कन्फेशन’ असेच नाव आहे. इ.स. ४०० च्या सुमारास संत ऑगस्टीन याने लिहिलेल्या ‘कन्फेशन्स’ या ग्रंथात दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. तो आपल्या तरुणपणीच्या पापांचे निवेदन करतो आणि त्याच वाणीने ईश्वराची स्तुतीही करतो.

अपराधाचा अर्थ बळावला तो चर्चमधील विधीमुळे. १२१५ साली रोम येथे भरलेल्या चौथ्या लॅटरन परिषदेने असा नियम केला की, जाणत्या वयाच्या प्रत्येक ख्रिस्ती माणसाने वर्षातून निदान एकदा धर्मगुरूपुढे आपली पापे सांगावीत. सांगितलेले गुपित फोडणाऱ्या धर्मगुरूस कठोर शिक्षाही त्याच नियमात होती. गोव्यातील आमच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या कोंकणीत या विधीस ‘कुमसार’ म्हणतात. पोर्तुगीज ‘कोन्फेस्सार’ आमच्या मातीत उतरला आणि ‘कुमसार’ झाला. त्याच वाटेने आलेला त्याचा जोडीदार ‘कुमगार’ म्हणजे प्रसादग्रहणाचा विधी. म्हणजे इंग्रजी शाळेत जो शब्द आपण परका म्हणून घोकतो, त्याचे एक भावंड कोंकणी घरांत कित्येक पिढ्या नांदत आहे.

या विधीची अंगे पाहिली म्हणजे शब्दाची मर्यादा कळते. आधी मनात खरा अनुताप, मग पापाचा स्पष्ट उच्चार, मग धर्मगुरूने दिलेली क्षमा आणि त्याने सांगितलेले प्रायश्चित्त किंवा भरपाई. यांपैकी ‘कन्फेस’ हे क्रियापद फक्त उच्चारापुरते आहे. आपल्याकडेही ही वेगवेगळी अंगे ओळखलेली होती. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापमुक्तीची साधने सांगताना ‘ख्यापन’ आणि ‘अनुताप’ अशी दोन निराळी नावे येतात. ख्यापन म्हणजे उघड सांगणे. ‘कन्फेस’ला इतका जवळचा संस्कृत शब्द क्वचितच सापडेल. बौद्ध भिक्षू उपोसथाच्या दिवशी नियमांचे पठण करण्यापूर्वी आपले दोष सहभिक्षूपुढे सांगत. जैनांच्या प्रतिक्रमणातही घडलेल्या दोषांचे निवेदन असते. तात्पर्य, झालेली चूक उच्चारल्यावाचून मन हलके होत नाही, हा अनुभव कोणा एका धर्माचा किंवा भाषेचा नाही.

सोयरे शब्द

आता या शब्दाच्या सोयऱ्यांकडे वळू. ‘ॲडमिट’ म्हणजे मूळ अर्थाने आत घेणे. रुग्णाला इस्पितळात ‘ॲडमिट’ करतात, तोच हा शब्द. समोरच्याने एखादी गोष्ट आपल्या दारात आणून उभी केली, आपण थोडा वेळ दार अडवून धरले आणि शेवटी तिला आत घेतले, म्हणजे आपण ती ‘ॲडमिट’ केली. म्हणून ‘ॲडमिट’मध्ये थोडीशी नाखुशी असते, पण पाप असेलच असे नाही. ‘हा रस्ता लांबचा आहे हे मी मान्य करतो’ येथे ‘ॲडमिट’ शोभेल, ‘कन्फेस’ शोभणार नाही. कारण रस्त्याच्या लांबीत माझा अपराध कोणता?

‘ॲक्नॉलेज’ म्हणजे दखल घेणे, पोच देणे. पत्राची पोच, उपकाराची पोच, तशीच चुकीची पोच. त्यात लाजेपेक्षा औपचारिकता अधिक. ‘ओन अप’ हा शब्दप्रयोग शाळकरी आणि घरगुती आहे. ‘ओन’ म्हणजे आपले. ‘हे माझे’ असे म्हणून उभे राहणे म्हणजे ‘ओन अप’. वर्गाच्या खिडकीची काच फुटली आणि एका मुलाने आपण होऊन उठून ‘मी फोडली’ असे सांगितले, तर इंग्रज शिक्षक ‘ही ओन्ड अप’ असे म्हणेल. मोठ्या गुन्ह्यास हा शब्द तोकडा पडतो आणि लहान चुकीस ‘कन्फेस’ कधी कधी जड होतो.

‘प्लीड गिल्टी’ हा शुद्ध न्यायालयीन प्रयोग आहे. न्यायाधीशाने आरोप वाचून दाखविल्यावर ‘गुन्हा कबूल आहे’ असे सांगणे, एवढाच त्याचा अर्थ. त्यात पश्चात्ताप असेलच असे नाही. याचे उत्तम उदाहरण आपल्या इतिहासातच आहे. १८ मार्च १९२२ रोजी अहमदाबाद येथे ‘यंग इंडिया’तील लेखांबद्दल महात्मा गांधींवर राजद्रोहाचा खटला चालला. गांधीजींनी गुन्हा कबूल केला, तथापि तो अपराध असल्याचे मानले नाही. आपण केले ते कर्तव्य होते असे सांगून त्यांनी अधिकाधिक शिक्षा मागितली. म्हणून तेथे ‘प्लीडेड गिल्टी’ बरोबर. ‘कन्फेस्ड’ म्हटले तर अर्थ बिघडेल. १९०८ साली ‘केसरी’तील लेखांबद्दल मुंबईच्या उच्च न्यायालयात लोकमान्य टिळकांवर याच प्रकारचा खटला झाला होता. लोकमान्यांनी गुन्हा नाकारला आणि ज्यूरीने दोषी ठरविल्यावरही आपण निर्दोष आहोत असेच ठामपणे सांगितले. एकाने ‘दोषी’ म्हटले, दुसऱ्याने ‘निर्दोष’ म्हटले. शिक्षा दोघांनाही सहा वर्षांचीच झाली, आणि गांधीजींना शिक्षा सांगताना न्यायाधीश ब्रूमफील्ड यांनी टिळकांच्या खटल्याचा दाखलाही दिला. दोघांपैकी कोणीही ‘कन्फेस’ केले नाही, हे मात्र लक्षात ठेवावे.

शेवटचा सोयरा ‘अपॉलजाइझ’. याचे मूळ ग्रीक ‘अपोलोगिआ’ म्हणजे बचावाचे भाषण. इ.स. पूर्व ३९९ मध्ये सॉक्रेटिसाने अथेन्सच्या न्यायसभेत केलेल्या भाषणावर प्लेटोने जो ग्रंथ लिहिला, त्याचे नाव ‘अपॉलॉजी’ असले तरी त्यात सॉक्रेटिस कोणाचीही क्षमा मागत नाही. पुढे हा शब्द उलट दिशेने वाहत जाऊन ‘क्षमा मागणे’ या अर्थी स्थिरावला. क्षमा मागणे आणि चूक सांगणे या दोन भिन्न क्रिया होत. ‘काही चुकले असल्यास माफ करा’ असे म्हणणारा क्षमा मागतो, पण काहीच कबूल करीत नाही. हिशेबाच्या किंवा पत्राच्या अखेरीस ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ लिहिण्याची आपली रीत सुंदर आहे. तथापि ती नम्रता आहे, कबुली नव्हे. कबुलीला नेमकी चूक लागते, तिचे नाव लागते.

वाक्यातील उपयोग

व्याकरणाच्या दृष्टीने ‘कन्फेस’ची रचना तीन प्रकारे होते. पहिला प्रकार साध्या कर्माचा : ‘शी कन्फेस्ड हर फॉल्ट’. दुसरा प्रकार ‘दॅट’ने जोडलेल्या गौण वाक्याचा : ‘ही कन्फेस्ड दॅट ही हॅड ब्रोकन द विंडो’. तिसरा प्रकार ‘टु’चा, आणि तेथेच घोटाळा होतो. ‘ही कन्फेस्ड टु ब्रेकिंग द विंडो’ हे शुद्ध. ‘ही कन्फेस्ड टु ब्रेक द विंडो’ हे अशुद्ध. ‘वॉन्ट टु गो’, ‘लाइक टु रीड’ अशा वाक्यांची सवय असल्यामुळे ‘टु’ दिसताच विद्यार्थी पुढे मूळ क्रियापद ठेवून देतो. परंतु येथील ‘टु’ हे शब्दयोगी अव्ययासारखे आहे. त्याच्यापुढे नाम किंवा ‘इंग’कारान्त धातुसाधित नामच यावे. ‘लुक फॉरवर्ड टु’ या प्रयोगातील ‘टु’ही याच जातीचा आहे.

ज्याच्यापुढे कबुली दिली, त्या व्यक्तीलाही ‘टु’च लावावा लागतो : ‘शी कन्फेस्ड हर फॉल्ट टु हर मदर’. ‘ही टोल्ड मी’ या धर्तीवर ‘ही कन्फेस्ड मी’ असे लिहू नये. त्यात केवळ व्याकरणदोष आहे असे नव्हे. धर्मगुरू एखाद्याची कबुली ऐकतो, तेव्हा इंग्रजीत ‘द प्रीस्ट कन्फेस्ड हिम’ असे म्हणता येते. म्हणून ‘माझ्या मित्राने माझ्याजवळ कबुली दिली’ या अर्थी ‘माय फ्रेंड कन्फेस्ड मी’ असे लिहिणारा आपल्या मित्रास पाद्री करतो आणि स्वतःस पापी!

आणखी एक दंडक. आपल्याला फक्त स्वतःचेच कृत्य ‘कन्फेस’ करता येते. ‘आय कन्फेस दॅट माय ब्रदर टुक द मनी’ हे वाक्य विचित्र वाटते, कारण भावाचे कृत्य सांगणे ही माहिती झाली, साक्ष झाली, प्रसंगी चहाडी झाली. कबुली झाली नाही. तसेच बोलण्याच्या ओघात ‘आय मस्ट कन्फेस’ असा प्रयोग सौम्य अर्थाने येतो. ‘आय मस्ट कन्फेस दॅट आय डोन्ट लाइक क्रिकेट’ यात पाप नाही; चारचौघांस न रुचणारी गोष्ट सांगण्यापूर्वीचा तो विनय आहे. त्याचे मराठी ‘मला कबुलीजबाब द्यावा लागेल’ असे करू नये; ‘खरे सांगायचे तर’ एवढे पुरे.

येथे मराठीच्या एका वैशिष्ट्याकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. मराठीत ‘कप फुटला’, ‘माझ्या हातून कप फुटला’ आणि ‘मी कप फोडला’ अशी तीन वाक्ये आहेत. पहिल्यात कर्ता कपच आहे. फोडणारा कोणीच नाही. दुसऱ्यात माझा हात आहे, पण इच्छा नाही. तिसऱ्यात मी पूर्णपणे उभा आहे. ‘फुटणे’ आणि ‘फोडणे’, ‘पडणे’ आणि ‘पाडणे’, ‘तुटणे’ आणि ‘तोडणे’ अशा जोड्या हे आपल्या भाषेचे मोठे धन आहे, आणि ‘हातून’ हा शब्द अपघात व अपराध यांतील भेद नेमका दाखवितो. परंतु याच सोयीच्या आड लपताही येते. जाणूनबुजून पुस्तक फाडणारा मुलगा ‘पुस्तक फाटले’ असे म्हणतो, तेव्हा तो व्याकरणाच्या दृष्टीने अचूक आणि सत्याच्या दृष्टीने खोटा असतो. इंग्रजीत ‘कन्फेस’नंतर ‘आय टोअर द बुक’ असा करणारा कर्ता यावा लागतो. ‘द बुक टोअर’ म्हणून भागत नाही. भाषांतर करताना मूळ वाक्यातील कर्ता खरोखर कोण आहे, हे शोधण्याची सवय यासाठीच लावून घ्यावी. उलट दिशेने आपल्याकडे ‘चूक पदरात घेणे’ हा फार समर्पक वाक्प्रचार आहे. पदर आपला, त्यात पडलेले ओझे आपले. ‘कानाला खडा लावणे’ ही त्यापुढची पायरी. पुन्हा असे न करण्याचा निश्चय तीत येतो.

कबुली आणि कायदा

कायद्याने या शब्दाचा फार बारकाईने विचार केला आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यात ‘ॲडमिशन’ची व्याख्या होती, ‘कन्फेशन’ची व्याख्या नव्हती. ती उणीव १९३९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने पाकला नारायण स्वामी याच्या खटल्यात भरून काढली. लॉर्ड ॲटकिन यांनी असे ठरविले की, ज्या निवेदनात आरोपी गुन्हाच स्पष्टपणे मान्य करतो, किंवा गुन्हा ज्या गोष्टींनी घडतो त्या जवळजवळ सर्व मान्य करतो, त्यालाच ‘कन्फेशन’ म्हणावे. खुनात वापरलेला सुरा माझा होता आणि अलीकडे माझ्याजवळ होता, एवढेच कोणी सांगितले, तर ती फार अडचणीची गोष्ट त्याने मान्य केली खरी. पण त्याने खून कबूल केला असे होत नाही. आपण वर पाहिलेला ‘ॲडमिट’ आणि ‘कन्फेस’ यांमधील भेद येथे एखाद्याच्या जिवाशी येऊन भिडतो.

याच कायद्याने आणखी एक शहाणपणाचा नियम केला : पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून सिद्ध करता येणार नाही. धमकी, आमिष किंवा आश्वासन यांमुळे दिलेली कबुलीही निरर्थक ठरविली. दंडाधिकाऱ्यापुढे कबुली द्यावयाची असेल, तर ‘ती देण्यास तू बांधलेला नाहीस आणि दिलीस तर तिचा तुझ्याविरुद्ध उपयोग होऊ शकेल’ असे त्याने आधी समजावून सांगितले पाहिजे. भारतीय राज्यघटनेच्या विसाव्या अनुच्छेदाने तर आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येणार नाही, असे वचनच दिले आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला. कलमांचे क्रमांक बदलले, पण ही तत्त्वे कायम राहिली.

कायदा कबुलीकडे इतक्या संशयाने का पाहतो? ज्याने स्वतःच्या तोंडाने सांगितले त्याच्याविषयी शंका ती कसली, असे आपणांस वाटेल. १९८९ सालच्या एका घटनेवरून याचे उत्तर मिळते. त्या वर्षी एप्रिल महिन्यात न्यूयॉर्क शहरातील सेंट्रल पार्क या उद्यानात एका स्त्रीवर भीषण हल्ला झाला. त्या प्रकरणी पाच मुलांना दोषी ठरविण्यात आले. त्यांची वये १४ ते १६, म्हणजे आपल्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांएवढी. पोलिसांनी त्यांची तासन्‌तास उलटतपासणी केली आणि चौघांचे कबुलीजबाब चित्रफितीवर नोंदविण्यात आले. पुढे त्या मुलांनी ते नाकारले. तरी १९९० साली त्यांना शिक्षा झाली आणि तारुण्याची कित्येक वर्षे त्यांनी कोठडीत काढली. २००२ साली दुसऱ्याच एका कैद्याने तो गुन्हा आपण एकट्याने केल्याचे सांगितले. शास्त्रीय तपासणीतही ते खरे ठरले आणि पाचही जणांची दोषसिद्धी रद्द झाली. भयाने थकलेले मूल ‘एकदाचे सुटू दे’ म्हणून न केलेले कृत्यही कबूल करते. अशा वेळी ‘कन्फेस’ या शब्दाचे कलेवर तेवढे उरते. त्याचा प्राण, म्हणजे आपण होऊन सांगण्याची इच्छा, त्यात नसतो.

हा धडा केवळ पोलिसांसाठी नाही. घरात पैसे नाहीसे होतात, वर्गात कोणाची वस्तू हरवते, आणि संशय एखाद्या दुबळ्या मुलावर येतो. छडी उगारून ‘कबूल कर’ असे म्हटले, तर तो कबूल करीलही. परंतु त्या कबुलीतून वस्तू सापडेलच असे नाही, आणि खरे सांगण्याची त्याची हिंमत मात्र कायमची मोडून पडेल. कबुली मागणाऱ्यानेही या क्रियापदाचा अर्थ जाणून असावे, हे आम्ही शिक्षकांनी आणि पालकांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

कोणापुढे?

‘कन्फेस’नंतर ‘टु’ लावून जी व्यक्ती येते, तिचे महत्त्व दोन प्रसिद्ध पुस्तकांवरून कळेल. फ्रेंच तत्त्वज्ञ रूसो सोळा वर्षांचा असताना इटलीतील तुरीन शहरी एका घरी नोकरीस होता. तेथे त्याने एक जुनी फीत चोरली आणि ती सापडताच मारियों नावाच्या स्वयंपाकिणीने आपणांस ती दिली, असा आळ त्या निरपराध मुलीवर घेतला. दोघांनाही नोकरीवरून काढले. १७८२ साली, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या ‘कन्फेशन्स’च्या पूर्वार्धात त्याने ही हकीकत मोकळेपणाने लिहिली आहे. त्या पापाची बोचणी आपल्याला जन्मभर लागली, हेही तो सांगतो. साऱ्या युरोपने ती कबुली वाचली. पण मारियोंचे पुढे काय झाले हे आपल्याला ठाऊक नाही, असे तो स्वतःच लिहितो. जिच्यापुढे बोलावयास हवे होते, तिच्यापुढे तो योग्य क्षणी बोलला नाही.

याच्या शेजारी गांधीजींच्या आत्मकथेतील प्रसंग ठेवून पाहावा. भावाचे सुमारे २५ रुपयांचे कर्ज फेडण्यासाठी पंधरा वर्षांच्या मोहनदासाने त्याच्याच सोन्याच्या कड्यातील तुकडा चोरला. कर्ज फिटले, पण मन स्वस्थ बसेना. तोंडाने सांगण्याचे धैर्य होईना, म्हणून त्याने चिठ्ठी लिहिली आणि आजारी वडिलांच्या हाती दिली. तीत आपण काय केले हे सांगितले होते, योग्य ती शिक्षा मागितली होती, आपल्या अपराधाबद्दल वडिलांनी स्वतःस क्लेश करून घेऊ नयेत अशी विनंती होती आणि पुन्हा चोरी न करण्याची प्रतिज्ञा होती. वडिलांनी उठून बसून चिठ्ठी वाचली. डोळ्यांतील आसवांनी कागद भिजला. क्षणभर डोळे मिटून त्यांनी ती फाडून टाकली. शुद्ध कबुली ही ती ऐकण्याचा ज्याला अधिकार आहे त्याच्यापुढे, पुन्हा तसे न करण्याच्या प्रतिज्ञेसह दिली, तर तोच सर्वांत निर्मळ पश्चात्ताप, असा निष्कर्ष गांधीजी काढतात. ‘कन्फेस’ या क्रियापदाचा कर्ता, कर्म आणि ‘टु’ने येणारी व्यक्ती ही तिन्ही त्या चिठ्ठीत आपापल्या ठिकाणी आहेत. वडील रागावले नाहीत ही गोष्टही तितकीच महत्त्वाची. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत आसवे असतील, तर सांगणाऱ्याला पुन्हा खोटे बोलावेसे वाटत नाही.

विद्यार्थिमित्रहो, शब्दाचा अर्थ वाचून जेवढा कळतो, त्याहून योजून पाहिल्याने अधिक कळतो. म्हणून पुढील वाक्ये आपल्या वहीत इंग्रजीत उतरवून पाहावीत, आणि प्रत्येक ठिकाणी ‘कन्फेस’, ‘ॲडमिट’, ‘अग्री’, ‘ओन अप’ व ‘अपॉलजाइझ’ यांपैकी कोणते क्रियापद बसते, ते कारणासह लिहावे.

१. घरमालकाने भाडे कमी करण्याचे कबूल केले.
२. तिने उत्तरपत्रिकेत शेजारणीचे पाहून लिहिल्याचे बाईंजवळ कबूल केले.
३. पेडण्याहून काणकोण बरेच लांब आहे, हे त्याने अखेर कबूल केले.
४. काच कोणी फोडली असे विचारताच मागच्या बाकावरील मुलगा आपण होऊन उभा राहिला.
५. उशीर झाल्याबद्दल पाहुण्यांनी क्षमा मागितली, पण उशीर का झाला हे सांगितले नाही.

दुसरे वाक्य लिहिताना ‘टु’ दोनदा येऊ शकेल. त्यांतील कोणता कृत्यासाठी आणि कोणता बाईंसाठी, हे ज्याला उलगडले, त्याला हे क्रियापद समजले असे खुशाल मानावे.